चावी खरी, पण हात कोणाचा? ई-इनव्हॉइसच्या सेशन-कीबद्दल

गांधीबागेतल्या एखाद्या कापडाच्या ठोक दुकानात संध्याकाळी सहाच्या सुमारास जाऊन बघा. माल बांधून तयार असतो. वाडीच्या गोडाऊनला जाणारी गाडी खाली उभी असते, बिल्टी तयार असते, आणि सगळे जण कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघत असतात. आत बसलेला अकाउंटंट म्हणतो, "टोकन एक्स्पायर झालं वाटते, थांबा." दोन मिनिटांनी बिलावर क्यूआर कोड उमटतो आणि गाडी हलते.

त्या दोन मिनिटांत काय होतं, हा या लेखाचा विषय. माझं संशोधन ऑथेंटिकेशन प्रोटोकॉलवर आहे. म्हणजे दोन यंत्रं एकमेकांना 'तू नक्की कोण?' हे कसं विचारतात आणि उत्तरावर विश्वास कधी ठेवतात, त्यावर. जीएसटीचं ई-इनव्हॉइस हे त्याचं आपल्या रोजच्या व्यवहारातलं चांगलं उदाहरण आहे. आमच्याकडे प्रोजेक्ट करणारी मुलं 'सरकारी आहे म्हणजे सुरक्षितच असणार' असं म्हणून हीच रचना जशीच्या तशी उचलतात. म्हणून ती एकदा नीट वाचून, तिच्यात काय चांगलं आहे आणि काय खटकतं ते मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. मग ही मर्यादा खाली खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. म्हणजे जी गोष्ट आधी मोठ्या कंपन्यांच्या आयटी विभागापुरती होती, ती गांधीबाग-इतवारीच्या दुकानात आली. या दुकानांत आयटी विभाग नसतो. एक अकाउंटंट असतो, एक सॉफ्टवेअर असतं, आणि अडलं की फोन करायला सॉफ्टवेअरवाला असतो.

रचना कशी आहे

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायचा ठरलेला दरवाजा. दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर या दरवाजातून सरकारी नोंदणी प्रणालीशी बोलतं. पायऱ्या अशा:

१. सॉफ्टवेअर ३२ बाइटचा एक यादृच्छिक आकडा तयार करतं. त्याला म्हणतात अ‍ॅप-की.

२. युजरनेम, पासवर्ड आणि ही अ‍ॅप-की सरकारच्या सार्वजनिक चावीने बंद करून पाठवली जाते. ती फक्त सरकारी सर्व्हरच उघडू शकतो. सोबत क्लायंट-आयडी, क्लायंट-सीक्रेट आणि जीएसटीआयएन असतं.

३. उत्तरात दोन गोष्टी येतात. एक ऑथ-टोकन, आणि दुसरी 'सेक' नावाची सेशन-की. ही सेशन-की अ‍ॅप-कीने बंद केलेली असते, म्हणजे ज्याने अ‍ॅप-की तयार केली तोच ती उघडू शकतो.

४. पुढचे सहा तास प्रत्येक बिलाचा मजकूर या सेशन-कीने एईएस-२५६ पद्धतीने बंद करून पाठवायचा, सोबत टोकन. मुदत संपली की टोकन अवैध, त्रुटी क्रमांक १००५. अकाउंटंट 'थांबा' म्हणाला तो इथे.

बिल स्वीकारलं गेलं की ६४ अक्षरी आयआरएन मिळतो आणि सरकारी सहीचा क्यूआर कोड मिळतो.

आता यातलं चांगलं आधी. पासवर्ड प्रत्येक बिलासोबत फिरत नाही, सहा तासांत एकदाच जातो. टोकन आणि सेशन-की या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे तर फारच चांगलं. समजा सर्व्हरच्या लॉगमधून कोणी नुसतं टोकन उचललं. सेशन-की नसेल तर त्याला बिल पाठवता येणार नाही, कारण मजकूर बंद करायला चावी लागते. आलेलं उत्तरही वाचता येणार नाही. बाजारातल्या कितीतरी एपीआयमध्ये टोकन हाती लागलं की सगळंच हाती लागतं. इथे तसं नाही, आणि हे श्रेय दिलंच पाहिजे.

मग खटकतं काय?

सेशन-की नेमकं काय सिद्ध करते, हा प्रश्न १९७८ सालापासूनचा आहे. त्या वर्षी रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एक प्रोटोकॉल मांडला. एका विश्वासू सर्व्हरने दोन पक्षांना ताजी सेशन-की द्यायची आणि पुढचं बोलणं त्या चावीने व्हायचं. आज आपण जे वापरतो त्यातलं बरंच काही तिथून निघालं आहे. तीनच वर्षांनी, १९८१ मध्ये, डोरोथी डेनिंग आणि जिओव्हानी साको यांनी त्यातली एक फट दाखवली. एखादी जुनी सेशन-की कधीतरी फुटली, तर चोर त्या वेळचा जुना निरोप तसाच्या तसा पुन्हा पाठवू शकतो. घेणाऱ्याला तो जुना आहे हे कळायला मार्गच नाही. चावी खरी, कुलूप खरं, निरोपही खरा. फक्त तो आजचा नाही. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: निरोपावर वेळ टाका.

पुढे एमआयटीत तयार झालेल्या कर्बेरोसने हा धडा मनावर घेतला. तिथे नुसती सेशन-की असून भागत नाही. सेवा मागताना दर वेळी चालू वेळ सेशन-कीने बंद करून दाखवावी लागते. घड्याळात साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की विनंती परत. थोडक्यात, 'ही चावी माझ्याकडे आहे' एवढं पुरत नाही, 'ही चावी आत्ता माझ्याकडे आहे आणि हीच विनंती मी करतोय' हे सिद्ध करावं लागतं.

या चष्म्यातून ई-इनव्हॉइसच्या एपीआयकडे बघितलं की तीन गोष्टी दिसतात.

पहिली: कुलूप आहे, सील नाही

बिलाचा मजकूर एईएस-२५६ ने बंद होतो खरा, पण ईसीबी पद्धतीने. ईसीबी म्हणजे मजकुराचे १६-१६ बाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे त्याच चावीने बंद करायचा. ठशाने कापड छापण्यासारखं आहे हे: ठसा तोच, रंग तोच, तर नक्षीही तीच. एका दुकानाच्या प्रत्येक बिलाची सुरुवात सारखी असते, कारण विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटीआयएन तेच. त्यामुळे सहा तासांत गेलेल्या सगळ्या बंद बिलांचे सुरुवातीचे तुकडेही सारखेच दिसतात. मजकूर वाचता येत नाही, पण नक्षी दिसते.

याहून महत्त्वाचं म्हणजे ईसीबीमध्ये छेडछाड पकडायची सोय नाही. एका बंद बिलातला तुकडा काढून दुसऱ्यात बसवला, तर उघडणाऱ्याला कुलूप व्यवस्थित उघडल्यासारखंच वाटेल. बहुतेक वेळा अशाने मजकूर विस्कटेल आणि तपासणीत नाकारला जाईल, हे मान्य. पण ती तपासणी पकडेल, क्रिप्टोग्राफी नाही. जे काम चावीने करायचं ते आपण योगायोगावर सोडलं आहे. मजकूर लपवणं आणि मजकूर बदलला नाही याची खात्री देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. 'सर, एन्क्रिप्ट केलंय ना, मग ऑथेंटिकेशन झालंच की!' नाही बाप्पा, झालं नाही.

दुसरी: विनंती ताजी आहे का, हे कोणी विचारत नाही

टोकनला सहा तासांची मुदत आहे, पण प्रत्येक विनंतीवर वेगळी वेळ किंवा एकदाच वापरायचा क्रमांक नाही. मग तेच बंद बिल पुन्हा पाठवलं तर? उत्तर येतं त्रुटी २१५०, आयआरएन आधीच आहे. कारण आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांचा हॅश असतो. तेच बिल, तर तोच हॅश, म्हणून दुसऱ्यांदा नोंद होत नाही.

म्हणजे पुनरावृत्तीचा हल्ला इथे जमत नाही, पण तो सेशन-कीमुळे नव्हे, तर बिल क्रमांक एकदाच वापरायचा या हिशेबाच्या जुन्या नियमामुळे. आपल्या वहीखात्यानेच इथे क्रिप्टोग्राफीची अब्रू राखली आहे! यात वाईट काही नाही. पण हीच रचना उचलून कोणी उधारीचं किंवा पैसे पाठवायचं अ‍ॅप बनवलं आणि त्यात असा एकमेव क्रमांक नसला, तर 'पाचशे रुपये पाठवा' हा एक निरोप सहा तासांत कितीही वेळा चालेल. नक्कल करताना दिसतं ते कुलूप उचललं जातं, आणि खरं वाचवणारा नियम मागे राहतो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: चावी दुकानदाराकडे नसतेच

सेशन-की त्याचीच, ज्याने अ‍ॅप-की तयार केली. पण दुकानदार क्लाउडवरचं सॉफ्टवेअर वापरत असेल, तर अ‍ॅप-की तेच सॉफ्टवेअर तयार करतं आणि युजरनेम-पासवर्डही त्याच्याकडेच साठवलेला असतो. मग सरकारी सर्व्हरला 'ओळख पटली' म्हणजे कोणाची पटली? कागदावर गांधीबागेतल्या व्यापाऱ्याची. प्रत्यक्षात कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या एका प्रोग्रामची.

मुदतीच्या आत पुन्हा लॉगिन केलं तरी तेच टोकन आणि तीच सेशन-की मिळते. नवं टोकन शेवटच्या दहा मिनिटांत मागता येतं. म्हणजे एका युजरच्या नावाने दुकानातला कॉम्प्युटर, अकाउंटंटच्या घरचा लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरवाल्याचा सर्व्हर, तिघेही एकाच चावीने बोलू शकतात. सर्व्हरच्या दृष्टीने ते तिघे एकच. मी स्वतः एका ऑफिसात वीसेक ग्राहकांचे एपीआय पासवर्ड एकाच एक्सेल शीटमध्ये, एका खाली एक, बघितले आहेत. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्याला रात्री नऊला फोन येतो आणि गाडी उभी असते, एवढंच.

पण त्याची किंमत कोण मोजतं ते बघा. कोणी दुकानाच्या नावाने खोटं बिल नोंदवलं, तर त्यावर सरकारी सहीचा खराखुरा क्यूआर कोड येतो. ते बिल आपोआप दुकानाच्या जीएसटीआर-१ मध्ये जाऊन बसतं, म्हणजे कराची जबाबदारी दुकानावर. समोरचा त्यावर क्रेडिट मागू शकतो. आयआरएन रद्द करायला मुदत फक्त २४ तासांची. शनिवारी रात्री झालेला प्रकार व्यापाऱ्याने सोमवारी सकाळी बघितला, तर ती खिडकी बंद झालेली असते. त्यानंतर क्रेडिट नोट, विवरणात दुरुस्ती, सीएच्या चकरा आणि 'हे बिल मी केलंच नाही' हे पटवून देण्याचं काम. तुमच्याच चावीने झालेलं बिल तुम्ही केलं नाही, हे सिद्ध कसं करणार?

शेजारच्याच घरात बघा

मी हे परदेशी मापाने मोजतोय असं कोणाला वाटू नये, म्हणून तुलना त्याच कराच्या दुसऱ्या एपीआयशी करतो. जीएसटी विवरणं भरायची जीएसटीएनची एपीआय बघा. रचना बहिणीसारखी आहे: तिथेही अ‍ॅप-की, तिथेही सेशन-की. पण तीन फरक आहेत.

एक, सेशन सुरू होताना ओटीपी लागतो आणि तो व्यापाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. सॉफ्टवेअर कोणाचंही असो, दार उघडताना मालकाच्या खिशातला फोन वाजतो. दोन, किती काळ दार उघडं ठेवायचं हे व्यापारी स्वतः पोर्टलवर ठरवतो, सहा तासांपासून तीस दिवसांपर्यंत. तीन, पाठवलेल्या मजकुरासोबत एचमॅक जातो, म्हणजे त्याच सेशन-कीने केलेलं सील. एक अक्षर बदललं तरी सील जुळत नाही. शिवाय उत्तर उघडायला प्रत्येक वेळी वेगळी चावी येते.

म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. विवरण महिन्यातून एकदा भरायचं असतं, बिलं दिवसाला शंभर निघतात, म्हणून ई-इनव्हॉइसमध्ये ओटीपीचा अडथळा नको, असा विचार झाला असावा. तो समजण्यासारखा आहे. दर बिलाला ओटीपी मागितला तर वाडीपर्यंत गाड्यांची रांग लागेल. पण एचमॅकला कोणाचा फोन वाजावा लागत नाही. तो यंत्रच लावतं आणि यंत्रच तपासतं. तो का गाळावा, याचं उत्तर मला कागदपत्रं वाचून सापडलं नाही.

आणखी एक विसंगती. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर माणसाने लॉगिन करायचं तर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची आहे. चांगलं झालं. पण एपीआयच्या दारावर, जिथून बिलांचे गठ्ठे जातात, तिथे अजून युजरनेम-पासवर्डच. पुढच्या दाराला दोन कुलपं आणि मालधक्क्याच्या शटरला एक, अशातला हा प्रकार. चोर पुढच्या दाराने कशाला येईल?

बचावाची बाजू

यावर सगळ्यात वजनदार प्रतिवाद असा की हे सगळं टीएलएसच्या आत चालतं. टीएलएस म्हणजे ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं ती व्यवस्था. वाटेतल्या चोराला ईसीबीची नक्षीही दिसत नाही आणि तुकडेही बदलता येत नाहीत. हे खरं आहे. थेट जोडणी घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांसाठी ठरावीक आयपी पत्त्यांचं बंधनही आहे, तेही खरं.

पण मग आतलं कुलूप कशासाठी? टीएलएस मधल्या प्रत्येक सर्व्हरपाशी संपतं आणि पुन्हा सुरू होतं. मध्ये जीएसटी सुविधा पुरवठादार असेल तर तिथे लिफाफा उघडतो. आतल्या कुलपाचा खरा उपयोग तिथेच व्हायला हवा, आणि नेमकं तिथेच सील नाही. टीएलएसवर विश्वास असेल तर आतलं कुलूप हे नुसतं ओझं आहे. नसेल तर ते अपुरं आहे. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळत नाही.

दुसरा प्रतिवाद मला जास्त पटतो. ही एपीआय लाखो वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांना जोडायची होती, त्यात जुन्या भाषांत लिहिलेलीही आली. ईसीबी कुठेही चालतं आणि चुकायला त्यात फारशी जागा नाही. जीसीएमसारखी पद्धत लपवणं आणि सील दोन्ही करते, पण तिच्यात एकच नॉन्स दोनदा वापरला की सगळं कोसळतं. घाईत लिहिलेल्या कोडमध्ये ही चूक सहज होते. 'सोपं आणि थोडं कच्चं' विरुद्ध 'पक्कं पण नाजूक' अशी ती निवड होती. २०२० च्या गडबडीत पहिली निवड झाली, त्याबद्दल मी दगड मारणार नाही. पण कोविडची ती गडबड आज नाही, आणि मर्यादा मात्र ५०० कोटींवरून ५ कोटींवर आली आहे.

मग काय करता येईल?

मोठी उलथापालथ न करता तीन गोष्टी. प्रत्येक विनंतीवर सेशन-कीने एचमॅक, आणि त्यात वेळही धरायची. कर्बेरोसचा धडा आणि जीएसटीएनची पद्धत, दोन्ही एकदम. प्रत्येक सॉफ्टवेअरला किंवा यंत्राला वेगळी उप-ओळख, म्हणजे बिल कुठून नोंदवलं गेलं ते नोंदीत दिसेल आणि एक फुटली तर तेवढीच बंद करता येईल. आणि नवीन ठिकाणाहून पहिल्यांदा सेशन सुरू झालं तर मालकाच्या फोनवर ओटीपी. रोजच्या सेशनला नाही.

व्यापाऱ्यांनी आजच करण्यासारखंही आहे. एपीआयचा पासवर्ड पोर्टलच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. अकाउंटंट किंवा सॉफ्टवेअर बदललं की तो त्याच दिवशी बदला. आणि दिवसाच्या शेवटी नोंदवलेल्या आयआरएनची यादी आपल्या बिलबुकाशी ताडून बघा. गल्ला मोजता ना रोज? तसंच. २४ तासांची खिडकी उघडी असतानाच हे जमतं.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र वेगळं सांगणं आहे. सेशन-की ही ओळख नाही. ओळख पटली त्या क्षणाची ती पावती आहे. पहिली तपासणी जितकी पक्की तितकीच ती पक्की, आणि जो ती धरून असेल त्याच्याच बाजूने ती बोलते. म्हणून एखादी एपीआय वाचताना 'किती बिटचं एन्क्रिप्शन आहे' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: पहिल्यांदा कोणाला ओळखलं, चावी कोणाच्या हातात गेली, आणि विनंती आत्ताचीच आहे हे कशावरून?

गांधीबागेतल्या त्या दुकानात गाडी निघून गेली की शटर खाली येतं आणि चावी मालकाच्या खिशात जाते. रात्री शटर कोणी उघडलं तर सकाळी ते त्याला कळतं. त्याच्या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या चावीबद्दलही त्याला एवढं तरी कळायला हवं.